नीट हुकली म्हणून सेमिनरी?

पत्र: मुलगा बारावी सायन्स, ५८ टक्के. दोनदा नीट दिली, जमली नाही. जन्मला तेव्हाच आम्ही त्याला देवाच्या सेवेला वाहिलं होतं. आता पाळक (चर्चचा धर्मगुरू) होण्यासाठी पुण्याच्या सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात, घालायचं ठरवलंय. तो काहीच बोलत नाही, दिवसभर आजोबांची जुनी धार्मिक पुस्तकं वाचत बसतो. प्रवेश कसा मिळेल?
– एक वडील, अहिल्यानगर

उत्तर: तुमच्या पत्रात मुलाचं मत कुठेच नाही. मला काळजी वाटते ती त्याची, टक्क्यांची नव्हे. जन्मतःच देवाला वाहिलं होतं, तर दोन वर्षं नीटच्या मागे का लावलंत? डॉक्टर झाला असता तर नवस आठवला असता का? कठोर वाटेल, पण हाच प्रश्न त्याच्याही मनात असणार. डॉक्टरकीला नापास म्हणून देवाला दिलेला, अशी स्वतःची किंमत करून बसलेला मुलगा उद्या पाळक होऊन लोकांना कसला धीर देईल?

बायबलमधल्या हन्नाने आपला मुलगा शमुवेल देवाला वाहिला, हे तुम्ही उपदेशात ऐकलं असेल. पुढचंही आठवा. देवाने हाक मारली ती शमुवेलाला, आणि उत्तर त्यालाच द्यावं लागलं. त्याला सांभाळणाऱ्या एली याजकाने त्याच्या वतीने 'हो' म्हटलं नाही.

सेमिनरी म्हणजे कमी गुणवाल्यांची सोय, हा समज मंडळ्यांमध्येही (चर्चमध्येही) आहे आणि त्यात नुकसान मंडळ्यांचंच होतं. सेरामपूर विद्यापीठाच्या बी.डी.ला (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी) बायबलच्या मूळ भाषा, मंडळीचा इतिहास, इतर धर्मांचा अभ्यास, पाळकीय समुपदेशन असं सगळं येतं. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावात बसून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यात गेली. इतक्या तोलाचं हे काम आहे. शिवाय पदवी मिळाली म्हणून पाळकपदाची दीक्षा मिळतेच असं नाही, तो निर्णय मंडळीचा.

प्रवेशाला साधारणपणे मंडळीचं शिफारसपत्र, परीक्षा आणि मुलाखत लागते. मुलाखतीत 'तू का आलास?' विचारतील, तेव्हा शेजारी तुम्ही नसाल.

तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटलं. कोणती पुस्तकं वाचतो, विचारलंत? मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी? ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या कविता? की बायबलवरची भाष्यं? 'ज्ञानोदय' हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली तुमच्याच शहरात सुरू झालं. फादर स्टीफन्सच्या १६१६च्या ख्रिस्तपुराणापासूनचं मराठी ख्रिस्ती साहित्य नीट वाचणारी, संपादित करणारी, अनुवाद आणि संशोधन करणारी तरुण माणसं फार थोडी आहेत. त्याला गोडी असेल तर आधी मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. करू द्या. बी.डी. पदवीनंतरही करता येते.

यंदा सेमिनरीचा अर्ज भरू नका. त्यालाच मला पत्र लिहू द्या, आणि ते तुम्ही वाचू नका.