हृदयविकाराचा झटका आणि मनगटातून अँजिओप्लास्टी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांची अँजिओप्लास्टी पूर्वी जांघेतून झाली होती. नुकताच भावाला झटका आला, तेव्हा डॉक्टरांनी मनगट निवडले. एवढ्या घाईत इतकी बारीक रक्तवाहिनी कशासाठी?

उत्तर : रक्तस्राव टाळण्यासाठी. झटक्याच्या रुग्णाला अ‍ॅस्पिरिन, प्लेटलेटविरोधी दुसरे औषध आणि रक्त गोठू न देणारे हेपारिन द्यावेच लागते. अशा अवस्थेत जांघेतील फिमोरल धमनीतून होणारा रक्तस्राव कधीकधी पोटाच्या मागील भागात साचतो आणि रक्तदाब कोसळेपर्यंत लक्षातही येत नाही. मनगटातील रेडियल धमनी मात्र त्वचेलगत, हाडावर टेकलेली असल्यामुळे साध्या पट्ट्याने दाबता येते. फर्डिनांड कीमनाय यांनी १९९२मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे या मार्गाने अँजिओप्लास्टी सुरू केली. इटलीतील १००१ रुग्णांच्या ‘रायफल’ चाचणीत (२०१२) हृदयविकाराने होणारे मृत्यू जांघेच्या मार्गाने ९.२ टक्के, तर मनगटाच्या मार्गाने ५.२ टक्के आढळले. कॅनडातील ‘सफारी’ चाचणीत (२०२०) मात्र तीस दिवसांतील मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. ती चाचणी मुदतीआधी थांबवली गेली होती, हेही ध्यानात घ्यावे. माझ्या मते दोन्ही निष्कर्षांत फारसा विरोध नाही : ज्याचा हात ज्या मार्गावर बसलेला आहे, त्याच्याकडून त्या मार्गाने धोका कमी होतो. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनीही (२०१७) मनगटाला पहिली पसंती देताना डॉक्टरांच्या अनुभवाची अट घातली होती.

प्रश्न : आईच्या वेळी मनगटातून सुरुवात करून मध्येच जांघेतून काम केले. चूक झाली का?

उत्तर : नाही. धमनी आकसते, तिला वेटोळे असते किंवा वृद्धांत खांद्याजवळची रक्तवाहिनी वाकडीतिकडी झालेली असते. त्यामुळे कॅथेटर (आत सरकवायची बारीक नळी) पुढे सरकत नाही. २०११च्या ‘रायव्हल’ चाचणीत मनगटाचा मार्ग ७.६ टक्के रुग्णांत सोडावा लागला होता. बंद रक्तवाहिनीपलीकडचा हृदयस्नायू मिनिटागणिक मरत असताना मनगटाचा हट्ट धरणे, हीच खरी चूक ठरली असती. रक्तदाब फार खालावून नाडी लागत नसेल किंवा हृदयाला आधार देणारा पंप बसवायचा असेल, तर काही वेळा सुरुवातच जांघेतून करणे शहाणपणाचे असते.

प्रश्न : मी डायलिसिसवर आहे, पूर्वी बायपासही झाली आहे. माझ्या बाबतीत काय?

उत्तर : फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग) असलेल्या हाताला हात लावू नये. दुसऱ्या हातातही पुढे फिस्टुला करावा लागण्याची शक्यता असल्याने तेथील रेडियल धमनी शक्यतो राखून ठेवतात, त्यामुळे तुमच्यासाठी बहुधा जांघच निवडली जाईल. बायपासमध्ये छातीच्या आतील डावी धमनी जोडलेली असेल, तर फिस्टुला नसलेल्या रुग्णात डावे मनगट सोयीचे पडते. ही माहिती घरच्यांना तोंडपाठ असावी, कारण त्या वेळी तुम्ही बोलू शकालच असे नाही.

प्रश्न : अँजिओप्लास्टीनंतर मनगटाची नाडी लागत नाही. हात निकामी होईल का?

उत्तर : सहसा नाही, तळहाताला करंगळीच्या बाजूच्या अल्नर धमनीतूनही रक्त मिळते. तरीही डॉक्टरांना दाखवावे. हात थंड किंवा पांढरा पडला, बोटे बधिर झाली किंवा कोपर ते मनगट हा भाग सुजून ताठरला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.