आधी हात बघ

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. कुष्ठरोगातल्या नसा आणि फोनची स्क्रीन एकाच पीएचडीत घ्यायचं म्हणतेस, तर इम्युनॉलॉजीवाले, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीवाले, म्हणतात तू कॉम्प्युटरवाली, डिझाइनवाले विचारतात हा रक्ता-पेशींचा पसारा इथे कशाला, आणि पीएचडीच्या नोंदणीची तारीख तोंडावर आली आहे. धीर धर वगैरे मी लिहिणार नाही. सिंदेवाहीकडची, धानाच्या बांधीत वाढलेली तू. एवढ्याने कोसळणार नाहीस. मला चीड आली ती वेगळीच. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये दोन्ही विभागप्रमुखांचं म्हणणं आहे, पण पेशंटचा हात एकदाही नाही.

आधी हात बघ.

कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सनने 1873 मध्ये दाखवला. आजही तो प्रयोगशाळेतल्या खाद्यावर वाढत नाही. उंदराच्या पंजात नाहीतर आर्माडिलोत वाढवावा लागतो, आणि दुप्पट व्हायला बारा-चौदा दिवस घेतो. इतका आळशी जंतू हात वाकडा कसा करतो? बऱ्याचदा ते काम आपल्याच रोगप्रतिकारक पेशी करतात. रिॲक्शन, म्हणजे त्यांचा अचानक भडका, आली की या पेशी नसेतल्या जंतूंवर तुटून पडतात, कोपरापाशी नस जाड, दुखरी लागते, करंगळी-अनामिका आखडायला लागतात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वेळेत, म्हणजे नस बिघडायला लागल्यापासून 6 महिन्यांच्या आत सुरू झालं तर पुष्कळदा हात वाचतो.

हे तुला पाठ आहे, ठाऊक आहे मला. आता पाठ नसलेलं ऐक. मूल तालुक्यातली एक बाई गोळ्यांची आठवण देणारं आमचं ॲप वापरायची. बटण दाबलं की नोंद झाल्याची खूण म्हणून फोन थरथरायचा. तिच्या बधिर बोटांना ती थरथर पोचतच नव्हती. म्हणून ती नख पांढरं पडेपर्यंत दाबून धरायची, आणि भलताच मेनू उघडायचा. "दबलं का नाही, मले कसं समजन?" म्हणाली. रेशन दुकानातही तेच. घाम न येणारी, भेगाळलेली बोटं. मशीन अंगठा घेत नाही. (बुबुळावर काम भागतं म्हणे. ते यंत्र दुकानात असलं तर!)

सांग, ही बाई इम्युनॉलॉजीची की एचसीआयची, म्हणजे माणूस-कॉम्प्युटर यांच्यातल्या व्यवहाराच्या शास्त्राची?

नस जायला लागली की स्क्रीनवर बोट टेकण्याची ढब बदलते का? पेनचं टोक टेकवून बधिरपणा तपासणारा कर्मचारी गावात येण्याआधी फोनला ते कळेल का? हा माझा प्रश्न होता. निधी देणाऱ्या एका समितीने विचारलं, हे वैद्यक की सॉफ्टवेअर? मी म्हणालो, आधी हात बघा. त्यांनी फाइल बघितली. पैसे मिळाले नाहीत, प्रोफेसरपदही हुकलं. दोन डगरींवर हात ठेवला म्हणून असं झालं, असं लोक अजून म्हणतात. म्हणू देत. पेशी मोजणाऱ्यांना बोट दिसत नव्हतं आणि स्क्रीन आखणाऱ्यांना नस. मधे कोणीतरी उभं राहायलाच हवं होतं, मी राहिलो. हळहळ एवढीच की ती माहिती कधी गोळाच झाली नाही. 2005 च्या डिसेंबरात देशपातळीवर दर 10,000 मागे एकाहून कमी रुग्ण, म्हणजे निर्मूलन झालं, असं ठरलं आणि विचारणारे पांगले. चंद्रपूर-गडचिरोलीत नवे रुग्ण त्यानंतरही निघतच राहिले.

आता कामाचं. नोंदणी इम्युनॉलॉजीतच कर. पेशी मोजणारा फ्लो सायटोमीटर घरी आणता येत नाही, ॲपचं काम ओसरीवर बसूनही होतं. डिझाइनमधून सहमार्गदर्शक घे. कुरकुर केली तर एसटीत बसवून इकडे घेऊन ये, त्यांनाही हात बघू दे. बटण केवढं हवं यावर ते फिट्सचं 1954 चं सूत्र काढतील. त्यात बटणाचं अंतर आहे, रुंदी आहे; बोट बधिर आहे का, हे कुठेच नाही. तुझं पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होऊ दे. माझ्या जुन्या वह्या हव्या असतील तर ने, पण परत आणून दे.

एथिक्स कमिटीचा अर्ज आधी टाक, त्याला फार वेळ लागतो. आणि सही न येणाऱ्याने संमतीपत्रावर अंगठ्याऐवजी काय द्यायचं, तेही त्यातच लिही. माझा अर्ज त्यावरूनच परत आला होता.

तुझा,
सर