सोनेरी स्प्रे आधी थांबव

प्रिय मित्रा,

तुझे फोटो पाहिले. ठिबकच्या जुन्या नळ्यांचे वेढे रचून विहिरीचं शिल्प करायचं, ही कल्पना झकास आहे. मोसंबीची बाग मोडली की आपल्या अंबड-घनसावंगीकडं बांधावर नळ्यांची भेंडोळी पडून राहतात, त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. तू बघितलंस. पण मग त्यावर सोनेरी स्प्रे कशाला मारलास?

एक नळी हातात घेऊन नीट बघ. ड्रिपरच्या, म्हणजे पाणी ठिबकतं त्या भोकाच्या, तोंडाशी पांढरा थर दिसतो, तो बोअरच्या जड पाण्यातला क्षार. शेतकरी ॲसिड सोडून तो काढतो, तरी थोडा राहतोच. मधेच खारीनं कुरतडलेलं असतं, तिथं कापून जॉइनर घातलेला. पाण्यासाठी केलेली ही सगळी खटपट तुझ्या विहिरीत आपोआप आली होती. रंगानं ती झाकून टाकली. स्प्रे मारला की कोणतंही भंगार एकसारखंच दिसतं, आणि शाळेच्या गॅदरिंगमधल्या सजावटीसारखं दिसतं, हे तोंडावर सांगितलेलं बरं.

दुसरं म्हणजे सांधे. फोटोत गोंदाचे डाग दिसतायत. नळी पॉलिथिलीनची असते, तिला साधा गोंद धरतच नाही. आज चिकटल्यासारखं वाटेल, पण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की एकेक वेढा गळायला लागेल. त्यापेक्षा बांध. बांधकामावर सळया बांधणारे कारागीर बायंडिंग तारेला हुकानं कसा पीळ देतात, ते एक दिवस शेजारी बसून बघ. चुकलं तर तार सोडवता येते, गोंदाचं तसं नाही. तारेची टोकं मात्र आत वळव, लहान पोरं हात लावणारच.

एल आनात्सुई हा घानात जन्मलेला, नायजेरियात राहून काम केलेला शिल्पकार. दारूच्या बाटल्यांची हजारो टोपणं चपटी करून तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडतो. लांबून भरजरी वस्त्र वाटतं, जवळ गेलं की टोपणांवर दारूची नावं दिसतात. तो ती लपवत नाही. शिवाय तारेमुळं काम घडी घालून नेता येतं, दर ठिकाणी वेगळ्या चुण्या पाडून टांगता येतं. तुझी विहीर टेम्पोतून न्यायची आहे ना? मग याचा विचार आत्ताच कर.

लोखंड लागलं तर भंगारवाल्याशी ओळख वाढव. जालन्यात भंगार वितळवून सळई करतात, त्यामुळं चांगला तुकडा दुकानात फार दिवस टिकत नाही. दोन रुपयांसाठी घासाघीस करू नकोस. माणूस खूश असला की तुझ्यासाठी वस्तू बाजूला काढून ठेवतो.

फवारणीच्या औषधाचे डबे कितीही सुंदर दिसले तरी घ्यायचे नाहीत, धुऊनसुद्धा नाहीत. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या नाहीत. सिमेंटचे जुने पत्रे कापायचे, घासायचे नाहीत, त्यात ॲस्बेस्टॉस असतं. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्डिंग करायचा तर उघड्यावर. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो.

प्रदर्शनाचं नंतर बघू. आधी स्प्रे न मारलेल्या नळ्यांचा हातभर तुकडा तारेनं बांध आणि मला फोटो पाठव. पुढून नको, मागून काढ. मला पीळ बघायचेत.

तुझा,
काका