आशाताईंना कोणत्या प्रशिक्षणाची गरज आहे, हे कसं ठरवायचं?
नुसती प्रश्नावली वाटू नका, आधी काम पाहा. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जाऊन बाळ तपासतात. अशा भेटीला सोबत जा. श्वास पूर्ण मिनिटभर मोजतात का? ६० किंवा जास्त भरले तर काय करायचं, ठाऊक आहे का? इथे अडलं तर शिकवा. थर्मामीटरच बंद असेल तर आधी तो द्या; वर्ग भरवून त्यांचं दिवसभराचं काम बुडवू नका. त्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तकांशीही बोला. आणि शिक्षण कमी म्हणून जमणार नाही, असं कृपया धरून चालू नका, गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू घटले.