सगळे अल्कलॉइड बेसिक असतात आणि अ‍ॅसिड-बेस पद्धतीनेच निघतात, बरोबर ना?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: अल्कलॉइडची (वनस्पतींतली, बहुधा बेसिक अशी नायट्रोजनयुक्त संयुगं) व्याख्या काय, वर्गीकरण कोणतं लिहायचं, आणि ‘वनस्पतीतून काढायला अ‍ॅसिड-बेस पद्धत आली की झालं, बरोबर ना?’ पहिल्या दोन्हींची उत्तरं फार्माकॉग्नोसीच्या, म्हणजे औषधी वनस्पतींच्या शास्त्राच्या, कुठल्याही पुस्तकात मिळतील. तिसऱ्यावर मात्र मला बोलायचंच आहे, कारण नेमक्या याच समजुतीपायी माझ्या एम. फार्म.च्या व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, वाट लागली होती.

पद्धत तुम्हाला पाठ असणारच. भुकटीतला तेलकट भाग पेट्रोलियम ईथरने काढायचा, चुना किंवा अमोनिया लावून अल्कलॉइड मोकळा करायचा, क्लोरोफॉर्ममध्ये घ्यायचा, तिथून पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये ओढायचा, मग तो थर अमोनियाने बेसिक करून पुन्हा ताज्या क्लोरोफॉर्ममध्ये. मोकळा बेस क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतो आणि त्याचा क्षार पाण्यात, एवढ्यावर सगळा खेळ. १८५० च्या बेल्जियममधल्या त्या गाजलेल्या खुनात स्टास या रसायनज्ञाने प्रेताच्या अवयवांतून निकोटीन शोधून काढलं ते याच तत्त्वावर. कुचला, धोतरा, सिंकोना यांना ही पद्धत झकास चालते. माझं पद्धतीशी भांडण नाही.

माझं प्रोजेक्ट नरक्यावर होतं. सह्याद्रीतलं झाड, काही ठिकाणी याला अमृता म्हणतात, शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. फुलांचा वास ‘नरक्या’ या नावाला शोभेल असाच. या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं, कॅन्सरवरच्या दोन मोठ्या औषधांचा कच्चा माल. ते पहिल्यांदा सापडलं चीनमधल्या कॅम्प्टोथेका या झाडात. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. वाणी आपल्या नंदुरबारचे, जन्म १९२५ चा, शिक्षण मुंबई विद्यापीठात. पुढे टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषधही याच जोडीने शोधलं. आपल्याकडच्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन भरपूर आहे हे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं, तेही गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरमधून. म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलांना शिकवायला याच्याइतकं घरचं उदाहरण दुसरं नाही, आणि आपण शिकवतो काय, तर अजूनही फक्त सिंकोना.

तर, सालीची भुकटी सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावकाने अर्क काढायचं उपकरण) आधी पेट्रोलियम ईथरने आणि मग मेथेनॉलने काढली. मेथेनॉल उडवून राहिलेला चिकट काळपट गोळा पाण्यात आणि क्लोरोफॉर्ममध्ये वाटून घेतला. इमल्शन असं धरलं की मीठ टाकून आणि रात्रभर ठेवून ते मोडावं लागलं. मग पुस्तकात दिल्याप्रमाणे क्लोरोफॉर्मचा थर सेपरेटिंग फनेलमध्ये पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडबरोबर हलवला. अ‍ॅसिडचा थर काढून त्यात ड्रॅगेनडॉर्फचे, म्हणजे अल्कलॉइड असेल तर नारिंगी-लाल गाळ देणाऱ्या रिएजंटचे, थेंब टाकले. द्रावण नारिंगी झालं, रिएजंटच नारिंगी असतो म्हणून, पण गाळ बसेना. त्याच कामाचा मेयरचा रिएजंट टाकला तर नळी स्वच्छच. तेव्हा क्लोरोफॉर्मचा एक ठिपका टीएलसी प्लेटवर (पातळ थरावर घटक वेगळे करायची क्रोमॅटोग्राफी) चढवला आणि प्लेट यूव्ही चेंबरमध्ये धरली. ३६५ नॅनोमीटरखाली लख्ख आकाशी निळा डाग. माल सगळा क्लोरोफॉर्ममध्येच बसून होता, अ‍ॅसिडकडे फिरकलाही नव्हता.

माझ्या गाईड मॅडमना याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही. कॅम्प्टोथेसिनमध्ये नायट्रोजन दोन आहेत, पण दोन्ही कामाचे नाहीत. एक क्विनोलिन कड्यातला, इतका दुबळा बेस की पातळ अ‍ॅसिडशी त्याचा टिकाऊ क्षार होत नाही. दुसरा पिरिडोनमधला, म्हणजे अमाइडसारखा. त्याची इलेक्ट्रॉनांची जोडी शेजारच्या कार्बोनिलमध्ये गुंतलेली. क्षारच होत नसेल तर पाण्यात जाईल कशाला? वॉल-वाणींनीही अ‍ॅसिड-बेसचा नाद केला नव्हता. हेप्टेन, मग अल्कोहोल, मग पाणी-क्लोरोफॉर्म, मग क्रेगच्या उपकरणावर काउंटरकरंट (दोन न मिसळणाऱ्या द्रावकांत पुन्हा पुन्हा वाटणी) आणि शेवटी सिलिका, असा त्यांचा रस्ता. प्रत्येक टप्प्यावर कुठला भाग उंदरांच्या ल्युकेमियावर चालतो ते बघत गेले. रिएजंट गाळ देतो का, याच्यावर विसंबले असते तर त्यांनी ते भांडं सिंकमध्ये ओतलं असतं. आम्हीही सिलिकाचा कॉलम लावला आणि क्लोरोफॉर्म-मेथेनॉलमधून फिकट पिवळ्या सुया मिळवल्या.

मग आली व्हायवा. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, मोठं नाव, केस पांढरे. थिसिस चाळताना ड्रॅगेनडॉर्फसमोर ‘निगेटिव्ह’ दिसलं आणि तिथेच थांबले.

“अ‍ॅसिडमध्ये जात नाही, ड्रॅगेनडॉर्फ देत नाही, आणि तू याला अल्कलॉइड म्हणतेस? झाड तरी बरोबर आणलंयस ना?”

मी हर्बेरियमची शीट पुढे केली. टीएलसी प्लेट दाखवली, प्रमाणित नमुन्याशेजारी त्याच उंचीवर तोच डाग. त्यावर म्हणाले, “चमकतं काय, टॉनिक वॉटरसुद्धा चमकतं.”

आता टॉनिक वॉटर चमकतं ते क्विनीनमुळे, आणि क्विनीन हा पुस्तकातला पहिला अल्कलॉइड! पण हे परीक्षकाला तोंडावर सांगायचं कसं? मॅडमनी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. मग मी शेवटचा प्रयोग दाखवला. चिमूटभर स्फटिक पातळ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम केले, विरघळले. थंड करून हायड्रोक्लोरिक टाकलं, हळूहळू पिवळट गढूळपणा आला आणि खाली बसला. कॅम्प्टोथेसिनमधलं लॅक्टोनचं कडं (रेणूच्या आतल्या आत एस्टर होऊन मिटलेलं) अल्कलीत उघडतं आणि अ‍ॅसिडमध्ये पुन्हा मिटतं, असं मी समजावू लागले. सर हसले. “म्हणजे हे बेसमध्ये विरघळतं. मग अल्कलॉइडच्या बरोब्बर उलट झालं की!” आणि बी ग्रेड देऊन जेवायला गेले.

सर, चुकून हे वाचत असाल तर आयुपॅकची, म्हणजे रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, व्याख्या बघा. सुरुवात ‘बेसिक नायट्रोजनयुक्त संयुगं’ अशीच आहे, पण पुढे स्पष्ट म्हटलंय की बेसिक अल्कलॉइडांशी जैवसंश्लेषणाने नातं असलेली काही उदासीन संयुगंही त्यात धरतात. अमेरिकन रसायनज्ञ पेलेटियरने १९८३ मध्ये केलेल्या व्याख्येत तर बेसिक असण्याची अटच नाही. आणि वॉल-वाणींच्या १९६६ च्या लेखाच्या शीर्षकातच कॅम्प्टोथेसिनला अल्कलॉइड वर्गात घातलंय. आम्ही काही पदरचं लिहिलं नव्हतं.

त्या लॅक्टोनचं महत्त्व परीक्षेपुरतं नाही. हा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून सुरुवातीच्या चाचण्यांत रुग्णांना त्याचा सोडियम क्षार दिला, म्हणजे कडं उघडलेलं रूप. परिणाम जेमतेम, आणि मूत्राशयाला भयंकर इजा. सत्तरच्या दशकात चाचण्या गुंडाळाव्या लागल्या. १९८५ मध्ये कळलं की हा टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला डीएनएवर अडकवून ठेवतो, आणि त्यासाठी कडं मिटलेलंच लागतं. मग रसायनज्ञांनी कडं शाबूत ठेवून रेणूच्या दुसऱ्या टोकाला बेसिक नायट्रोजन असलेली शेपटी जोडली. ती हायड्रोक्लोराइड क्षार देते आणि पाण्यात विरघळते. अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ती हीच. सरांना हवा असलेला बेसिकपणा झाडाने दिला नव्हता, तो प्रयोगशाळेत चिकटवावा लागला.

वर्गीकरणाचं म्हणाल तर तिथेही हाच घोळ. पुस्तकं कड्यावरून गट पाडतात: ट्रोपेन म्हणजे धोतरा, आयसोक्विनोलिन म्हणजे अफू आणि दारुहळद, इंडोल म्हणजे सर्पगंधा, क्विनोलिन म्हणजे सिंकोना, वगैरे. पाठांतराला बरं आहे. पण सिंकोनातलं क्विनीन आणि नरक्यातलं कॅम्प्टोथेसिन, दोन्हींचं क्विनोलिन कडं मुळात ट्रिप्टोफॅनच्या इंडोलची मोडतोड होऊन बनतं. ट्रिप्टोफॅनपासून ट्रिप्टामिन, ते सेकोलोगॅनिनला जोडून स्ट्रिक्टोसिडिन, आणि त्या एका रेणूपासून सर्पगंधेचं रेसर्पिन, कुचल्याचं स्ट्रिक्निन, सदाफुलीचं व्हिनब्लास्टिन, क्विनीन आणि कॅम्प्टोथेसिन. सख्खी भावंडं दत्तक गेली म्हणून आडनावं बदलली, तसला प्रकार. मी तरी जैवसंश्लेषणाचं वर्गीकरणच खरं मानते: ऑर्निथिन, लायसिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, कुठल्या अमिनो आम्लापासून आलं ते बघायचं. हेग्नाउअर या वनस्पतिरसायनज्ञाची ट्रू, प्रोटो, स्यूडो ही विभागणीही तिथूनच आली. अमिनो आम्लापासून बनून नायट्रोजन कड्यात असेल तर ट्रू, अमिनो आम्लापासूनच पण कड्याबाहेर असेल तर प्रोटो, जसं एफेड्रिन. सांगाडाच अमिनो आम्लाचा नसेल तर स्यूडो, जसं कुड्यातलं कोनेसिन.

पण हे सगळं झाल्यावर एक सांगते. परीक्षेत अ‍ॅसिड-बेस पद्धतच लिहा, आकृतीसकट. मार्क त्यालाच आहेत, आणि बहुतेक अल्कलॉइड खरोखरच तसे निघतात. फक्त खाली अपवादांच्या चार ओळी घाला. मिऱ्यातलं पायपरिन आणि कळलावीतलं कोल्चिसिन हे अमाइड, म्हणून जवळजवळ उदासीन. कॅफीन फारच दुबळा बेस. दारुहळदीतलं बर्बेरिन चतुष्क अमोनियम, नायट्रोजनवर कायमचा धनभार, त्यामुळे अमोनिया टाकला तरी ईथरमध्ये येत नाही, पाण्यालाच चिकटून राहतं. ते हायड्रोक्लोराइड म्हणून खाली बसवतात. ड्रॅगेनडॉर्फ उलट्या बाजूनेही फसवतो, काही कुमरिन (नायट्रोजन नसलेली वनस्पतिसंयुगं) त्याला खोटा होकार देतात. तेव्हा एका नळीवरून होय-नाही ठरवू नका, टीएलसी लावाच.

कॉलेजच्या लॅबबाहेर यातलं काही करू नका. कळलावी आणि कुचला यांनी माणसं मरतात, कॅम्प्टोथेसिनची भुकटीही हातमोजे आणि मास्कशिवाय हाताळायची वस्तू नाही. आणि नरक्याची साल कोणी पोत्याने देतो म्हणाला तर घेऊ नका. सुक्या लाकडात-सालीत माल हजारात जेमतेम एक-दोन-तीन भाग, त्यासाठी अख्खी झाडं मुळासकट तोडली जातात. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या तस्करीच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. प्रोजेक्ट करायचंच असेल तर वनखात्याची परवानगी काढून पानं आणि बारीक फांद्या घ्या. माल कमी मिळेल, पण निळा डाग दिसण्याइतका नक्की मिळतो.

व्हायवाला जाताना आयुपॅकच्या व्याख्येची प्रिंट थिसिसमध्ये लावा, शेवटच्या वाक्याखाली रेघ मारून. एक्स्टर्नल टॉनिक वॉटरवर आलेच, तर त्यात काय असतं ते नम्रपणे त्यांनाच विचारा.