रेशमावर पहिला रंग टाकताना

ताई, कॅनव्हासवर तुमचा हात बसलाय हे उत्तमच. पण रेशमावर रंग जागेवर थांबत नाही, पळतो. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

– कापड सौम्य साबणाने धुवा. खळ राहिली तर रंग डागाडागाने धरतो.

– चौकटीवर ढोलासारखं ताणा. मधे झोळ पडून टेबलाला टेकलं की डाग पडलाच.

– रंग अडवणाऱ्या द्रावाने (दुकानात 'गुट्टा' मागा) आधी रेषा काढा. वाळल्यावर कापड उजेडासमोर धरून बघा. सुईएवढी फट असली तरी रंग तिथूनच निसटतो. नवशिक्यांची निम्मी रडारड इथलीच!

– सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी बसूच नका. भाग भरून होण्याआधीच कड वाळते आणि तिथे उठलेली रेघ मग सहजी जात नाही. सकाळी लवकर बसा, पंखा बंद ठेवून.

– रंग अ‍ॅसिड डायच (रेशीम-लोकरीवर चढणारे रंग) घ्या. चादरीच्या सुताचे रंग इथे सहज मिळतात, पण त्यातले काही कॉस्टिकच्या (कॉस्टिक सोडा, तीव्र क्षार) पाण्यात चढवतात, आणि कॉस्टिक रेशमाला खातं.

रंगवून झाल्यावर वाफ दिल्याशिवाय धुऊ नका, वाफेनेच रंग पक्का होतो. पहिला तुकडा रुमालाएवढाच घ्या, साडीचा मोह नको. मिठाचे आणि मेणाचे प्रकार नंतर सांगते.