पेलेट ग्रिल पेटत नसेल तर आधी फायर पॉट पाहावा

प्रश्न : आमचे पेलेट ग्रिल हिवाळाभर डेकवर आच्छादन घालून ठेवले होते. परवा कणसे आणि पनीर भाजण्यासाठी सुरू केले, तर पंखा फिरतो, पण आच लागत नाही. तीन-चार वेळा बंद करून पुन्हा सुरू करून पाहिले. यजमानांच्या मते कंट्रोलर गेला आहे. नवा मागवावा का?
— एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर : कंट्रोलर इतक्यात मागवू नका, आणि ग्रिल पुन्हा पुन्हा सुरू करणे आधी थांबवा. प्रत्येक वेळी ऑगर, म्हणजे पेलेट पुढे सरकवणारा फिरता स्क्रू, फायर पॉटमध्ये (पेलेट जळतात त्या छोट्या भांड्यात) नवे पेलेट ढकलतो. ते न पेटता साचत जातात आणि पुढे कधीतरी आच लागली की सगळे एकदम भडकतात. शिवाय धुमसणाऱ्या लाकडाचा धूर स्वतःच ज्वलनशील असल्याने तो बंद झाकणाखाली कोंडू देणे धोक्याचे असते.

प्लग काढून ग्रिल पूर्ण थंड झाल्यावर जाळ्या, तेल गोळा करणारा ट्रे आणि त्याखालचा पत्रा उचलून फायर पॉटमध्ये पाहा. तो रिकामा असेल, तर दोष पेलेट पोहोचण्यात आहे : हॉपरमधले (पेलेट साठवण्याच्या पेटीतले) पेलेट संपले असतील किंवा ऑगर अडकला असेल. पेलेट म्हणजे दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसा. ओलावा लागला की तो फुगून सुटतो आणि ऑगरच्या नळीत वाळून दगडासारखा बसतो. आपल्याकडे मात्र पॉट भरलेला सापडेल असे मला वाटते, कारण आपण इतक्या वेळा ग्रिल सुरू केले आहे.

तसे असेल तर सगळे पेलेट काढून टाका आणि तळाची राख साफ करा. व्हॅक्यूम वापरायचा असेल तर राखेत निखारा उरलेला नाही याची खात्री करूनच वापरा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ग्रिल न पेटण्याच्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात. राख हवेची भोके बुजवते आणि इग्नायटरचे (पेलेट पेटवणाऱ्या विजेच्या रॉडचे) टोक झाकून त्याची उष्णता पेलेटपर्यंत पोहोचू देत नाही. मग हॉपरमधला एक पेलेट बोटांनी मोडून पाहा. कोरडा असेल तर कट्कन मोडेल. मऊ पडून भुगा होत असेल, तर हिवाळ्यातला तो सगळा साठा फेकून द्यावा.

एवढे करूनही आच लागली नाही, तर इग्नायटरकडे वळावे. प्लग काढून त्याच्या दोन्ही तारा सोडवा आणि मल्टिमीटरने रोध मोजा. 120 व्होल्टवर चालणाऱ्या 200 वॅटच्या रॉडचा रोध साधारण 72 ओहम असायला हवा. आपल्या रॉडचे वॅट माहितीपुस्तिकेत पाहून घ्या, कारण त्यानुसार हा आकडा बदलतो. मीटरवर रोध अनंत (OL) दिसत असेल, तर रॉड आतून तुटला आहे. ग्रिल सुरू होताच डेकवरचा संरक्षक सॉकेट खटकन बंद होत असेल, तरीही बहुधा रॉडमध्येच ओलावा शिरलेला असतो. लांब आणि बारीक एक्स्टेन्शन वायर वापरत असाल तर तीही काढा. व्होल्टेज 120 वरून 108 वर आले, तर रॉडची उष्णता जवळजवळ 19 टक्क्यांनी घटते, आणि पंखा मात्र फिरत राहतो.

रोध बरोबर आला आणि तरीही रॉड तापत नसेल, तेव्हा फ्यूज आणि जोडण्या पाहाव्यात. कंट्रोलरचा विचार त्यानंतर, आणि ती तपासणी चालू विजेवर करावी लागत असल्याने जाणकाराकडूनच करून घ्यावी.

तोवर कणसे भाजायची असतील आणि माहितीपुस्तिकेत हाताने पेटवण्याची सोय सांगितली असेल, तर झाकण उघडे ठेवून, स्वच्छ पॉटमध्ये मूठभर कोरडे पेलेट घालून ते मेणाच्या फायर स्टार्टरने पेटवता येतात; पेट्रोल किंवा रॉकेल कधीही वापरू नये. अशी लावलेली आच पुढे नीट टिकली, तर ऑगर आणि पंखा ठीक आहेत असे समजावे आणि इग्नायटरवरचा संशय आणखी पक्का करावा.